पोराचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे?

30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेस भुसावळला थांबली आणि पोलिसांनी डब्यातून मुलं खाली उतरवली. मनमाडला आणखी उतरवली. सगळी मिळून 59. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ही पोरं पुण्या-सांगलीच्या मदरशांत शिकायला निघाली होती. वयं 8 ते 17. सोबतच्या पाच शिक्षकांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, त्यांना अटक झाली. मुलं बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत अडकली. मार्च 2024 मध्ये पोलिसांनीच न्यायालयाला कळवलं, की तस्करी नव्हती, गैरसमजातून कारवाई झाली. प्रकरण मिटलं.

माझ्या लेखी ते मिटलेलं नाही. ज्यांना मदरशांचा राग आहे त्यांनी पहिल्या दिवशी बोलून घेतलं. ज्यांना मदरशांचा कैवार आहे त्यांनी शेवटच्या दिवशी. पण आठ वर्षांचं पोर शिकण्यासाठी दीड हजार किलोमीटरहून लांब का निघतं, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. अररियाच्या मजुराला पोर सांगलीला पाठवावं लागतं, कारण मदरशात दोन वेळचं जेवण, अंग टाकायला जागा आणि अंगावर कपडा फुकट मिळतो. आणि त्या दिवशी त्या 59 मुलांपैकी किती जणांची नावं कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर होती? हा प्रश्न पोलिसांनी विचारायला हवा होता, मौलवींनी विचारायला हवा होता, दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी तर आधी विचारायला हवा होता.

मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत 31 वर्षं शिकवलं. मुसलमान आहे, पाच वेळा नमाज पढते. हे आधीच सांगते, कारण असं काही लिहिलं की लगेच समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव घेऊन आमच्यासारख्यांना बाजूला बसवायची पद्धत आहे. दलवाई आमच्याच मुलखातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, पण ते अश्रद्ध होते आणि तसं उघड सांगायचे. मी श्रद्धावान आहे. मला दीनही, म्हणजे धर्मही, हवा आहे आणि शाळाही हवी आहे, आणि दोन्ही एका मुलाला मिळू शकतात हे मी स्वतःच्या बालपणावरून सांगते. फजरची नमाज झाली की आम्ही पोरं रिहल, म्हणजे कुराण ठेवायची घडवंची, काखेत मारून मोहल्ल्याच्या मक्तबात, म्हणजे सकाळच्या कुराणाच्या वर्गाला, जायचो. आधी बगदादी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळख, मग नाजरा, म्हणजे पाहून कुराण वाचणं. उस्तादजींची छडी होती, मायाही होती. साडेसातला सुटका. घरी येऊन तांदळाची भाकरी खायची, दप्तर उचलायचं आणि शाळा गाठायची. दोहोंतलं एक निवडायचं असतं, असं माझ्या निरक्षर आईच्या मनातसुद्धा आलं नाही. कोकणात आजही असंच चालतं. केरळात तर लाखो मुलं सकाळी मदरसा आणि मग शाळा अशी वाढतात. तिथे 2025 मध्ये सरकारने माध्यमिक शाळेची वेळ अर्ध्या तासाने वाढवली, तर सकाळच्या मदरशाला अडचण होते म्हणून ‘समस्ता’ या उलेमांच्या संघटनेने विरोध केला. तो विरोध मला पटला नाही, पण भांडण पाहा: अर्ध्या तासाचं आहे. मूल दोन्हीकडे जाणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं आहे.

म्हणून मक्तब आणि निवासी मदरसा यांत फरक करा. सच्चर समितीने 2006 मध्ये तो स्पष्ट करून ठेवला होता. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी जेमतेम 3 टक्के आहेत, हेही त्याच अहवालात होतं. बाकीची साध्या शाळेत तरी आहेत किंवा कुठेच नाहीत. पण गेली वीस वर्षं मुसलमानांच्या शिक्षणाचा विषय निघाला की मंत्री मदरशावर बोलतो, विरोधी पक्ष मदरशावर बोलतो, वाहिन्या मदरशावर बोलतात. माझ्या उर्दू शाळेवर कुणी बोलत नाही. तिथे राखीव बिंदूवरच्या जागांना उर्दू जाणणारा उमेदवार मिळत नाही म्हणून पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात, दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात आणि पट घसरला की शिक्षकाला दुसऱ्या शाळेत हलवणारं समायोजनाचं पत्र येतं. या शाळांत मुसलमानांची गरीब मुलं बसतात, आणि त्यांना वाऱ्यावर सोडून सरकार मदरशांचं ‘आधुनिकीकरण’ करायला निघालं.

हे आधुनिकीकरण म्हणजे काय ते सांगते. केंद्राची पहिली योजना 1993-94 ची. मदरशात गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवायला एखादा शिक्षक द्यायचा आणि त्याला पगार नाही, मानधन द्यायचं. पुढे नाव बदललं, रक्कम बदलली: पदवीधराला महिना 6 हजार, पदव्युत्तर आणि बी.एड. असलेल्याला 12 हजार. एकट्या उत्तर प्रदेशात असे सुमारे 21 हजार शिक्षक होते, त्यांत हिंदूही होते. केंद्राचा वाटा त्यांना वर्षानुवर्षं मिळाला नाही. मार्च 2022 नंतर केंद्राने योजनाच पुढे चालवली नाही आणि जानेवारी 2024 मध्ये राज्याने आपल्याकडची दोन-तीन हजारांची भरही थांबवली. मदरशाच्या आत जाऊन वजाबाकी आणि एबीसीडी शिकवणारी हीच माणसं होती. ज्यांना मदरशांचं आधुनिकीकरण हवं म्हणून भाषणं करायची होती, त्यांनी त्या माणसांच्या पोटावर पाय दिला. याला लबाडी म्हणतात.

महाराष्ट्र वेगळा नाही. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना 2013 ची. डी.एड. शिक्षकाला 6 हजार, बी.एड.ला 8 हजार. अकरा वर्षं रक्कम हलली नाही. 10 ऑक्टोबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने ती 16 आणि 18 हजार केली. पाच दिवसांनी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. वाढ योग्यच होती, त्या शिक्षकांचा घामाचा पैसा आहे. पण योजनेचा पायाच कच्चा आहे. ती ऐच्छिक आहे. मदरशाने अर्ज केला तर शिक्षक, नाही केला तर तिथल्या मुलांच्या नशिबी काही नाही. मुलाचं शिक्षण संस्थाचालकाच्या अर्जावर अवलंबून ठेवणारी दुसरी कुठली योजना या राज्यात कुणी सहन केली असती?

हे मी कागद वाचून बोलत नाही. निवृत्तीनंतर एका तालुक्याच्या गावी एका निवासी मदरशात वर्षभर बिनपैशांनी गणित शिकवलं. गावाचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकाच गावाचा नाही. मला वेळ दिली होती जोहर ते असर, म्हणजे भर दुपारची. मुलं पहाटे चारपासून जागी. डुलक्या देत माझ्यासमोर बसायची. बालभारतीची उर्दू पुस्तकं कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मोहतमिमसाहेबांच्या, म्हणजे मदरशाच्या प्रमुखांच्या, खिशात. मी मागितली तेव्हा म्हणाले, “बाई, पुस्तकं फाटली तर तपासणीला काय दाखवू?”

त्या वर्गात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. हाफिज झालेला. सगळं कुराण मुखोद्गत. मी फळ्यावर 43 वजा 17 लिहिलं आणि त्याला उभं केलं, तर तो खाली मान घालून नुसता उभा राहिला. ज्या डोक्यात सहा हजारांहून अधिक आयती जेर-जबर या स्वरचिन्हांसकट शब्दशः बसल्या आहेत, त्या डोक्याला वजाबाकी जमत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? त्याला कुणी शिकवलीच नव्हती. पाच वर्षांत एकदाही नाही. तीन आठवड्यांत तो हातचे घेऊन वजाबाकी करायला लागला, दीड महिन्यात भागाकार. मग एके दिवशी दिसला नाही. विचारलं तर कळलं, त्याचा ‘दौर’, म्हणजे पाठ केलेल्या कुराणाची उजळणी, मागे पडतोय, रमजानला तरावीह, म्हणजे रात्रीची नमाज, पढवायची आहे, म्हणून त्याला माझ्या वर्गातून काढलं. आणि मला सांगण्यात आलं की यापुढे फक्त गुरुवारी या. त्या पोराचा भागाकार तिथेच राहिला. मी अनेक शाळांत अनेक मुलं गळताना पाहिली आहेत, पण इतक्या तल्लख मुलाला जाणूनबुजून अडवताना तिथेच पाहिलं आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

आता कायद्याकडे येते. 2002 च्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आणि 2012 मध्ये त्या कायद्यात एक ओळ घुसवली गेली: मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही. ही ओळ आपोआप आली नाही. आमच्या मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने त्यासाठी देशभर मोहीम चालवली होती. आमच्या पुढाऱ्यांनी सरकारशी भांडून काय मिळवलं, तर गरिबाच्या पोराला हक्काबाहेर ठेवण्याची मुभा. घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे आणि तो मला प्राणाइतका प्रिय आहे. पण तो अधिकार जमातीला आहे, वजाबाकी न शिकवण्याचा परवाना त्यात कुठे लिहिलेला नाही. ज्या विश्वस्तांना मी जवळून ओळखते त्यांच्यापैकी एकाचाही मुलगा त्यांच्याच मदरशात राहून शिकला नाही. सगळे इंग्रजी माध्यमात गेले, काही आखातात नोकरीला लागले. दीनचं रक्षण फक्त अररियाच्या मजुराच्या पोरानेच करायचं काय?

आणि मदरशांच्या ‘दर्से निजामी’ या अभ्यासक्रमाला हात लावायचा नाही म्हणणाऱ्यांना त्या अभ्यासक्रमाचा इतिहास तरी ठाऊक आहे का? लखनौच्या फिरंगी महलात अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांनी तो बसवला. त्यात मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, भरपूर होतं. तत्त्वज्ञान होतं, गणित होतं. त्या काळच्या राज्यकारभाराला काझी, मुफ्ती, कारकून लागत, ते त्यातून तयार होत. म्हणजे तो त्या काळचा नोकरी देणारा, काळाशी जुळवून घेतलेला अभ्यासक्रम होता. 1866 मध्ये देवबंदचा मदरसा निघाला तो मुघल सत्ता संपल्यानंतर, भेदरलेल्या जमातीला सावरायला. तो हेतू मी समजू शकते. पण पुढे त्या अभ्यासक्रमातलं अकलेचं अंग झिजत गेलं आणि पाठांतराचं अंग वाढत गेलं, आणि आज त्यालाच परंपरा म्हणून मिरवलं जातं. मुल्ला निजामुद्दीन यांची परंपरा काळाबरोबर चालण्याची होती.

आमच्या राज्यातली एक आठवण इथे सांगितली पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या संस्थेचे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी मदरशासोबत फार्मसी, अभियांत्रिकी, पुढे वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत मजल मारली. जानेवारी 2011 मध्ये ते देवबंदचे मोहतमिम झाले आणि जुलैत त्यांना घालवलं. निमित्त होतं गुजरातच्या मुसलमानांबद्दलच्या त्यांच्या एका विधानाचं, आणि त्या विधानावर राग येणं मी समजू शकते. पण त्यांच्याबरोबर नव्या विषयांची गोष्टही दाराबाहेर गेली, आणि ती परत आत आणण्याची घाई कुणाला झाली नाही.

सरकारं काही कमी नाहीत. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने 4 जुलैच्या शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाआधी जाहीर केलं, की गणित-विज्ञान न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरली जातील. व्याख्या बरोबर होती. मी तेव्हाही हेच म्हटलं आणि आप्तांच्या शिव्या खाल्ल्या. पण मोजून पुढे काय? शाळाबाह्य म्हटलेल्या मुलाला शाळेत आणून बसवावं लागतं, त्याच्या जेवणाची सोय करावी लागते. ते झालं नाही. नुसता शिक्का मारला, मतांपुरता गदारोळ झाला आणि मुलं होती तिथेच राहिली. आसामने 2020 मध्ये कायदा करून सरकारी मदरसे साध्या शाळांत बदलले. 1 एप्रिल 2021 पासून अंमल, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पण त्या सरकारी मदरशांत राज्याचा नेहमीचा अभ्यासक्रम आधीपासूनच शिकवला जात होता! जिथे तो शिकवला जात नव्हता, त्या खासगी मदरशांना त्या कायद्याने स्पर्श केला नाही. ज्या मुलाला खरी गरज होती तो त्या कायद्याच्या नजरेत आलाच नाही.

उत्तर प्रदेशातही तेच. मार्च 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2004 चा मदरसा शिक्षण मंडळाचा कायदाच रद्द केला. सुमारे 17 लाख मुलांचं काय होणार असा प्रश्न उभा राहिला. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला, फक्त कामिल आणि फाजिल या पदव्या देण्याचा मंडळाचा अधिकार काढून घेतला. आमच्याकडे पेढे वाटले गेले. निकालात न्यायालयाने हेही म्हटलं आहे, की शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य नियम करू शकतं आणि मुलांना समाजात वावरण्याइतकं, पोट भरण्याइतकं शिकवणं ही राज्याची जबाबदारी आहे. हा भाग पेढे वाटणाऱ्यांनी वाचला नाही आणि सरकारनेही वाचला नाही.

कुठेच काही धड होत नाही असं नाही. पश्चिम बंगालचे हाय मदरसे पाहा. 1780 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काढलेल्या कलकत्ता मदरशापासून तिथे सरकार आणि मदरसा यांचा संबंध आहे. आज तिथे मान्यताप्राप्त मदरसे सहाशेच्या वर आहेत. हाय मदरशात माध्यमिकचा पूर्ण अभ्यासक्रम, शिवाय अरबी आणि इस्लामची ओळख. शिक्षकांना मानधन नाही, पगार. कित्येक मदरशांत हिंदू मुलं-मुली शिकतात, काही ठिकाणी त्यांचीच संख्या जास्त. हे का जमलं? कारण ती शाळा आहे, पूर्ण शाळा. मदरशाच्या अंगावर शाळेचं ठिगळ लावलेलं नाही. तिथे 2008 मध्ये शिक्षक निवडीसाठी आयोग नेमला, गुणवत्तेवर निवड सुरू झाली, तर काही व्यवस्थापन समित्या न्यायालयात गेल्या: अल्पसंख्याक म्हणून शिक्षक आम्हीच नेमणार. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोग वैध ठरवला. शिक्षक परीक्षा देऊन आला तर इस्लामला काय धोका होता? धोका नेमणुकीच्या वेळी ज्यांच्या खिशात हात जातो त्यांना होता. जिल्हा परिषदेत एवढी वर्षं काढल्यावर नेमणुकांचा व्यवहार मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा माझं म्हणणं असं. चौदा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल पूर्ण शाळेत असलं पाहिजे, दिवसभर, पगारी आणि पात्र शिक्षकासमोर. 2012 ची ती ओळ काढून टाका. मदरशासाठी काढा आणि वैदिक पाठशाळेसाठीही काढा, कारण ब्राह्मणाच्या गरीब पोरालाही वजाबाकीचा तेवढाच हक्क आहे. मदरशांनी वसतिगृह चालवावं. जेवण द्यावं, छप्पर द्यावं, सकाळ-संध्याकाळ कुराण शिकवावं. त्यासाठी दुवा मिळेल, आणि सरकारने अनुदान द्यायचं तर त्यालाच द्यावं. दिवसा ती मुलं रांगेने जवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत जाऊ देत. उर्दू शाळेचा पट वाढेल, शाळा वाचेल, रिकाम्या जागा भरायला सरकारला भाग पडेल. चौदानंतर ज्याला आलिम, म्हणजे धर्मपंडित, व्हायचं आहे त्याने खुशाल आठ वर्षं दर्से निजामी करावं. भूगोल, विज्ञान, राज्यघटना शिकून झालेला आलिम आजच्या आलिमापेक्षा जमातीच्या जास्त कामाचा असेल, आणि वकील असो की तलाठी, कुणासमोर बोलताना त्याची जीभ अडखळणार नाही.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, ही वेळ नाही. बाहेर मदरशांवर बुलडोझर फिरवायची भाषा चालली असताना घरातल्यांचे वाभाडे का काढतेस? बुलडोझरची भाषा मी पण ऐकते, आणि ती बोलणाऱ्यांशी माझं काडीचंही देणंघेणं नाही. पण ही वेळ नाही, हे मी 1980 पासून ऐकते आहे. शाहबानोच्या वेळी वेळ नव्हती, बाबरीनंतर वेळ नव्हती, सच्चरनंतर वेळ नव्हती. एवढ्या काळात तेरा वर्षांची पोरं चाळिशीपन्नाशीची झाली. त्यांतली काही आज मशिदीत सात-आठ हजारांवर बांग देतात आणि स्वतःची मुलं मदरशात सोडतात, कारण दुसरीकडे पाठवायची ऐपत नाही.

माझ्या मुसलमान वाचकांनो, रमजानमध्ये मदरशाचा सफीर, म्हणजे वर्गणी गोळा करणारा, पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दाराशी येईल. जकात मागेल, बकरी ईदला कातडी मागेल. त्याला पाणी द्या, बसवा आणि विचारा: तुमच्याकडे राहणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या शाळेत आहे, ते नाव आणि इयत्ता मला कागदावर दाखवा. दाखवलं तर हात मोकळा सोडून द्या. नाही दाखवलं, तर या वर्षी पावती फाडू नका.